चार्टवरचा वीस

माणसाचा श्वास मोजायचा असेल तर त्याला ते कळू द्यायचं नसतं. कळलं की तो सांभाळून श्वास घ्यायला लागतो, फोटो काढताना चेहरा करतात तसा. म्हणून आम्हाला शिकवलेली युक्ती अशी, की आधी मनगट धरून नाडी मोजायची आणि ती मोजून झाली तरी मनगट सोडायचं नाही. पेशंटला वाटतं, सिस्टर अजून नाडीच बघतेय. आपली नजर मात्र त्याच्या छातीवर ठेवायची. छाती वर गेली आणि खाली आली की एक. असं सेकंदकाट्यावर पुरं एक मिनिट.

ही युक्ती मला उत्तम येत होती. परीक्षेत बाहेरून आलेल्या बाईंनी त्यावर शाबासकी दिली होती. आणि तरी पुढची पंचवीसेक वर्षं वॉर्डातल्या रोजच्या चार्टसाठी मी एकाही पेशंटचा श्वास मोजला नाही. एखादा धापा टाकतच आला तर गोष्ट वेगळी. बाकी सगळ्यांचा मी लिहिला वीस.

बाहेरच्या माणसाला हे समजावून सांगायला हवं. पेशंटच्या खाटेला जो चार्ट लटकत असतो, त्यात ताप, नाडी, श्वास आणि बीपी असे रकाने असतात. तापासाठी थर्मामीटर लागतो, बीपीसाठी यंत्र, नाडीला निदान हात तरी लावावा लागतो. श्वासाला काहीच लागत नाही, फक्त एक मिनिट उभं राहावं लागतं. आणि वॉर्डात नेमकं तेच नसतं. बावीस खाटा, दोन सिस्टर, त्यातली एक सलाइन लावण्यात अडकलेली. मग अकोल्याला शिकत असताना एका मोठ्या सिस्टरने मला जे सांगितलं तेच मी पुढे पंचवीस वर्षं केलं. मी तिसऱ्या खाटेपाशी घड्याळ धरून उभी होते. त्या मागून आल्या आणि म्हणाल्या, "काय व, मुहूर्त पाहून राह्यली का? वीस लिही अन् पुढं हो." त्या वाईट नव्हत्या. हाताला इतक्या हलक्या, की त्यांच्या इंजेक्शनला लहान पोरं रडत नसत. पण श्वासाच्या बाबतीत त्यांचा आकडा ठरलेला होता, आणि तो त्यांनाही कुणीतरी असाच दिलेला असणार.

मग काय, आमच्या वॉर्डात म्हातारी असो की कालची बाळंतीण, सगळ्या मिनिटाला वीस श्वास घ्यायच्या. एकदा तर गंमत झाली. पुरुषांच्या वॉर्डात हर्नियाचे एक भाऊसाहेब होते, खाण्याचे भारी शौकीन. चार वाजता डॉक्टर राउंडला आले तर खाट रिकामी. चार्टवर मात्र चारचा ताप, नाडी आणि श्वास वीस, सगळं माझ्या सुवाच्य अक्षरात. पाच मिनिटांनी भाऊसाहेब गिला वड्याचा पुडा घेऊन दारात हजर. डॉक्टर चार्टकडे बघून म्हणाले, "सिस्टर, तुमची खाट छान श्वास घेते हो!" सगळे हसले, मीही हसले. वडा खाल्लासुद्धा. आज ते आठवलं की हसू येतं आणि मग हसण्याची लाजही वाटते.

खरं तर माझ्याकडे घड्याळ नव्हतं असं नाही. मी चांदूर बाजारच्या माळ्याची पोर. नर्सिंगच्या शाळेने आणायच्या वस्तूंची यादी पाठवली होती. त्यात पांढऱ्या साड्या, पांढरे बूट आणि सेकंदकाट्याचं घड्याळ असं लिहिलेलं. बाबा वांग्याच्या वाफ्यात पाणी देत होते. त्यांनी विचारलं, "मिनिटाच्या काट्यानं भागत नाई का?"

"श्वास मोजा लागते बाबा."

"श्वास काय मोजाची वस्तू हाय? चालू हाय तवर हाय." असं म्हणून ते हसले. पण पुढच्या बाजारच्या दिवशी अमरावतीला गेले आणि गोल पांढऱ्या डायलचं, लाल सेकंदकाट्याचं घड्याळ घेऊन आले. दुकानदाराला त्यांनी तीनतीनदा विचारलं होतं म्हणे, "हा लाल काटा थांबत त नाई ना?" ते घड्याळ अजून चालू आहे. पट्टा चार वेळा बदलला.

आमच्या शिक्षणाच्याही पायऱ्या असतात, आणि लोकांना त्या माहीत नसतात. मी आधी दहावीनंतर दीड वर्षाचं ए.एन.एम. केलं, उपकेंद्रावर लसी टोचल्या, बाळंतपणं केली. मग अकोल्यात जी.एन.एम.ची साडेतीन वर्षं. त्याच्यावर चार वर्षांची बी.एस्सी. नर्सिंगची डिग्री, ती आमच्या नशिबात नव्हती. आणि या सगळ्याच्या खाली, खासगी दवाखान्यांत, कुठलाच धड कोर्स न केलेल्या पोरीही असतात. बारावी झाल्या, चार-सहा महिने हाताखाली राहिल्या, युनिफॉर्म चढवला की झाल्या. नातेवाईक सगळ्यांनाच "सिस्टर" म्हणतात. कपडे एकाच रंगाचे असतात, मग कुणाला काय किती येतं ते कसं दिसणार? मी स्वतः अशा कितीतरी पोरी तयार केल्या आणि त्यातल्या काही फार गुणी निघाल्या. पण त्यांनाही मी श्वासाच्या रकान्यात वीसच लिहायला शिकवलं.

नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत मी अमरावतीच्या एका इस्पितळात बायकांच्या सर्जरी वॉर्डची इन्चार्ज होते. इस्पितळाचं नाव इथे लिहीत नाही. तिथे शिवानी आली. तिवस्याची पोर, बी.एस्सी. नर्सिंग, चष्मा, बारीक आवाज. आमच्या वॉर्डातली पहिली डिग्रीवाली. पहिल्याच आठवड्यात तिचा चार्ट पाहून माझं डोकं फिरलं. चौदा, बावीस, सतरा, एकोणीस. इतक्या वर्षांच्या सरळ रेघेत कुणीतरी दगड टाकल्यासारखं दिसत होतं.

मी तिला बोलावून घेतलं. मी तोंडाळ म्हणून प्रसिद्धच होते. "इथं बावीस खाटा आहेत, बाई. एकेकीजवळ अशी ध्यान लावून बसलीस तर सकाळच्या गोळ्या संध्याकाळी वाटशील."

ती म्हणाली, "मॅडम, मग मोजला नाही तर रकाना रिकामा ठेवू का?"

"रिकामा दिसला तर मोठे सर तुझी डिग्री गुंडाळून तुझ्या हातात देतील."

"मग मोजतेच." आणि ती पुन्हा खाटेपाशी जाऊन उभी राहिली. ना उद्धटपणा, ना रडणं. याचा मला जास्तच राग आला. मी तिचं नाव 'पीएच.डी.' ठेवलं. आमच्या वॉर्डातल्या कांतामावशी, म्हणजे झाडलोट करणाऱ्या, बेडपॅन देणाऱ्या, चौथी पास, पण वॉर्डात माझ्यापेक्षा जुन्या, त्याही हसायच्या. "थे पोरगी पेशंटपाशी उभी राह्यते त जसा फोटोच काढून राह्यली."

आणि मग बेबीबाई आल्या. वय पन्नाशीचं, बाजारात भाजी विकायच्या. गर्भाशय काढण्याचं ऑपरेशन. बाईंचा आवाज असा, की ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी खाटेवरून हाक मारली आणि कॅन्टीनचा पोऱ्या वर धावत आला. साऱ्या वॉर्डाशी त्यांची ओळख. मला म्हणायच्या, "शिस्टर, घरी जाऊ द्या, मंग पाहा, तुमाले असा सांबार आणून देतो का वास घरभर जाईन." आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, हे पुण्यामुंबईच्या वाचकांसाठी.

आमची एक सिस्टर रजेवर आणि आदल्या दिवशी शिवानीची सुट्टी, म्हणून कालपासून दोन्ही वेळचे चार्ट मीच भरत होते, तसेच तिसऱ्या दिवशी सकाळीही भरत होते. बेबीबाईंना ताप नाही, बीपी थोडं कमी पण काळजीचं नाही, नाडी चौऱ्याऐंशी. पुढच्या रकान्यात माझ्या हाताने आपोआप वीस लिहिला. कांतामावशी खाटेखालून पुसत होत्या. त्या उठून म्हणाल्या, "बाई, बेबीबाईचं बोलनं तुटून राह्यलं. काल संध्याकायपासून. तीन शब्द बोलते अन् थांबते."

मी म्हटलं, "पोटाला टाके आहेत मावशी. दुखत असेल." आणि पुढच्या खाटेकडे गेले. मावशी फडका पिळून पुन्हा पुसायला लागल्या. माझ्यापुढे त्यांचं काय चालणार?

दोन वाजता दुपारची पाळी सुरू झाली. अर्ध्या तासाने शिवानी माझ्या टेबलापाशी आली. "मॅडम, बारा नंबरच्या बेबीबाईंचा श्वास बत्तीस आहे. दोनदा मोजला. हातपाय गार वाटतात."

"नाडी?"

"अठ्ठ्याऐंशी."

"मग कशाला घाबरतेस? नाडी तर बरी आहे."

मला न दुखावता कसं सांगावं याचा ती विचार करत असावी. मग म्हणाली, "मॅडम, त्या बीपीची जी गोळी घेतात ना, ती नाडी वाढूच देत नाही. आत काही बिघडलं तरी नाडी अशीच शांत दिसेल. श्वासावर गोळीचा जोर चालत नाही."

ती गोळी मी स्वतः रोज सकाळी बायकांच्या तळहातावर ठेवत होते. किती वर्षं, किती तळहात! माझ्यासाठी ती बीपीची गोळी होती, बस. ती नाडी दाबून ठेवते हे मला कुणी शिकवलंच नव्हतं, की शिकवलं होतं आणि मी विसरले होते, हे आता सांगता येत नाही.

आम्ही धावलो. बेबीबाई खरंच तुटक बोलत होत्या. "शिस्टर... जीव... घाबरून राह्यला." आमचे मोठे सर, म्हणजे बेबीबाईंचं ऑपरेशन केलेले सर्जन, त्या दिवशी अकोल्याला ऑपरेशनला गेलेले. वॉर्डात नवा तरुण डॉक्टर. त्याने सरांना फोन लावला आणि स्पीकर चालू केला. खाटेपाशी मी, शिवानी, कांतामावशी आणि बेबीबाईंचा मुलगा गजानन, असे चौघे उभे होतो. सरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "सकाळी श्वास किती होता?"

डॉक्टरने चार्ट उचलला. "दहा वाजता वीस, सर. काल संध्याकाळी वीस. काल सकाळी वीस."

"म्हणजे एकाएकी वाढला. तिसरा दिवस आहे. पायातली गुठळी सुटून फुप्फुसात गेली असणार. रक्त पातळ करायचं इंजेक्शन लगेच सुरू करा आणि नागपूरला हलवा."

सर चुकत नव्हते. एकाएकी धाप लागली तर तोच संशय पहिला. त्यांनी माझ्या आकड्यावर विश्वास ठेवला. शिवानी इंजेक्शन भरायला वळली. गजाननपुढे सहीचा कागद आला. मावशी पुटपुटल्या, "साहेब, एकदम नाई, कालपासून..." डॉक्टर म्हणाला, "मावशी, जरा बाजूला व्हा." मावशी बाजूला झाल्या आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

त्या वेळी बेबीबाईंच्या पोटात काय चाललंय हे मला कळलं होतं, असं मी म्हणणार नाही. मला एवढंच कळलं, की या बाईंवरचा सारा उपचार आता त्या वीसवर उभा राहतोय आणि तो वीस मी लिहिलाय. माझी निवृत्ती दीड वर्षावर होती. मी गप्प बसले असते तर कुणाला कळलंही नसतं. मावशी बोलल्या नसत्या. त्या मला इतकी वर्षं सांभाळून घेत आल्या होत्या. हे सगळं डोक्यात आलं, हेही लिहून टाकते.

मी फोनच्या जवळ गेले. "सर, तो वीस खोटा आहे."

"काय?"

"मी मोजला नाही. कालचेही माझ्याच हातचे आहेत, तेही मोजले नाहीत. कांतामावशी सांगतात, कालपासून त्यांचं बोलणं तुटतंय. आणि त्यांना बीपीची गोळी चालू आहे, म्हणून नाडी वाढलेली दिसत नाही. शिवानीने ओळखलं."

शिवानीच्या हातात सिरिंज होती, ती तिने ट्रेमध्ये ठेवून दिली. मग सरांचा आवाज आला, अगदी हळू. "इंजेक्शन देऊ नका. आधी पोटाची सोनोग्राफी. हिमोग्लोबिन पाठवा. रक्ताची सोय करा. मी निघालो."

पोटात रक्त साचलेलं होतं. आतली एक बांधलेली नस सुटून आदल्या दिवसापासून थोडं थोडं रक्त झिरपत होतं, आणि ते कमी पडत गेलं म्हणून श्वास वाढत चालला होता. गावातल्याच दुसऱ्या सर्जनना बोलावलं, पोट पुन्हा उघडलं. गजाननने आणि त्याच्या बाजारातल्या मित्रांनी रक्त दिलं. संध्याकाळी सर आले तेव्हा बाई ऑपरेशन टेबलवरून खाली आलेल्या होत्या. सर मला म्हणाले, "त्या अवस्थेत रक्त पातळ केलं असतं, सिस्टर, तर ही बाई नागपूरच्या वाटेतच गेली असती." आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं वाटलं असतं.

गजानन दाराबाहेर बाकावर बसला होता. त्याने सगळं ऐकलेलं. मी जवळ गेले तर तो उठला नाही. "शिस्टर, तुमी खोटं लिवलं होतं?"

"हो."

"मंग सांगतलं काहून?"

मी त्याच्याशेजारी बाकावर बसले. मग त्यानेच माझ्यापुढे पाण्याची बाटली धरली, आणि तेव्हा माझा बांध फुटला. इतक्या वर्षांच्या नोकरीत पेशंटच्या नातेवाइकापुढे मी पहिल्यांदा रडले.

चार्टमध्ये खाडाखोड चालत नाही. चूक झाली तर तिच्यावर एक आडवी रेघ मारायची, खरं ते शेजारी लिहायचं आणि सही करायची. त्या दिवशी मी तीन विसांवर रेघ मारली. शेजारी लिहिलं 'मोजला नाही', आणि सही केली. मला मेमो मिळाला, मिळायलाच हवा होता. तो घरी कपाटात बढतीच्या पत्राशेजारी ठेवला आहे.

दुसऱ्या दिवसापासून मी श्वास मोजायला लागले. राउंडला दुप्पट वेळ लागू लागला. ऑफिसने विचारलं, एवढा वेळ का? मी सांगितलं, आधी लागत नव्हता कारण आम्ही मोजत नव्हतो. आणखी एक सिस्टर द्या, शिकलेली द्या. चार वेळा अर्ज केला, सातव्या महिन्यात मिळाली. आणि एक नवी पद्धत मी सुरू केली. राउंडच्या आधी कांतामावशींना विचारायचं, कुणाचं काही वेगळं दिसतंय का? मावशी आधी लाजायच्या. मग त्यांना असं काही बळ आलं, की पेशंटचं वर्णन नातेवाइकांसकट सांगायला लागल्या.

लोक मला विचारतात, डिग्रीने काय मोठा फरक पडतो हो, अनुभव महत्त्वाचा. मीही पूर्वी हेच बोलायची, तावातावाने. आता म्हणते, माझ्याकडे अनुभव होता, तर त्याने काय केलं? मला न बघता लिहायला शिकवलं. चौथी पास मावशींना दिसलं, पण त्यांच्या शब्दाला चार्टात रकाना नव्हता. शिवानीला दिसलं, मोजता आलं, आणि त्याचा अर्थ लावून माझ्यासारख्या तोंडाळ बाईपुढे उभं राहता आलं. ते बळ तिला त्या चार वर्षांनी दिलं. ती पोर जुन्या वळणाची असती तर तिनेही वीस लिहिला असता आणि मी तिला शाबास म्हटलं असतं. माझ्या जुन्या विसांमधले किती खरोखर वीस होते, कुणाचे तीस होते, त्यांचं पुढे काय झालं, हे मला कधीच कळणार नाही. या एका गोष्टीवर माझ्याजवळ औषध नाही.

बेबीबाई महिन्याभराने आल्या. खालच्या दारातूनच हाक. पिशवीभर सांबार. "घ्या शिस्टर, म्हनलं होतं ना!" मी जुडी घेतली आणि नकळत त्यांचं मनगट धरून ठेवलं. त्या बोलत राहिल्या, मी मोजत राहिले. सतरा.

आता मी अकोल्याला लेकीकडे असते. मागच्या वर्षी शिवानीचा फोन आला. ती इथल्या एका नर्सिंग कॉलेजात शिकवते. म्हणाली, "मॅडम, पोरींना तुम्हीच सांगा. माझं ऐकतात, पण तुमचं लक्षात राहील." मी गेले. हीच गोष्ट सांगितली, काही न लपवता. मग बाबांचं घड्याळ टेबलावर ठेवलं आणि म्हटलं, आता आपापल्या शेजारणीचं मनगट धरा. पुरं एक मिनिट.

साठ पोरी गप्प. खिडकीबाहेर कुणीतरी मोटरसायकलला किक मारत होतं, तेवढाच आवाज. मिनिट किती लांब असतं, हे त्यांच्या चेहऱ्यांवर दिसत होतं. मग मी एकेकीला विचारत गेले. सोळा. एकोणीस. चौदा. अठरा. शेवटच्या बाकावरची एक बारकी पोर उभी राहिली आणि म्हणाली, "वीस."

सगळा वर्ग हसला. तिचे डोळे भरून आले. "मॅडम, खरंच वीस आहे. मी मोजलाय."

शिवानीने हसणाऱ्यांना गप्प केलं. मी शेवटच्या बाकापाशी गेले. तिच्या शेजारणीचं मनगट धरलं, लाल काटा बारावर येऊ दिला आणि मोजायला लागले. पुरं एक मिनिट.

वीसच होते.

मी म्हटलं, "लिही बाई, वीस. आणि खाली तुझी सही कर."